बाळ कुशीत की पाळण्यात? रात्रीच्या अंथरुणाची आखणी

थोरली दीड महिन्याची होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "बाळाला पलंगावर शेजारी घेऊन झोपायचं नाही." मी आज्ञाधारक. पहाटे चारला ती उठली की तिला उचलून हॉलमध्ये जायचे आणि दिवा न लावता सोफ्यावर टेकून पाजायचे. नवऱ्याला सहाच्या आतली लोकल गाठायची असायची, त्याची झोप मोडायला नको हाही एक हिशोब. अशाच एका पहाटे माझा डोळा लागला. जाग आली ती एका दबक्या आवाजाने. ती मांडीवरून घसरून माझी कंबर आणि सोफ्याचा हात यांच्या बेचक्यात गेली होती, तोंड गादीत रुतलेलं. ओढून काढली. लालबुंद झाली होती. दोन क्षण काहीच नाही, मग रडली.

पलंग टाळायचा म्हणून मी सोफ्यावर गेले होते. सोफा पलंगापेक्षा कितीतरी वाईट, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं, त्यानंतरचं वाचन, आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच बाळंतिणींच्या खोल्यांत जाऊन अंथरुणं लावून दिल्याचा अनुभव एवढीच माझी शिदोरी. त्यावरून सांगते, बाळाला जवळ घेऊन झोपायचं की नाही हे दिवसाउजेडी, चहा पिताना ठरवायचं. रात्री तीन वाजता ते आपण ठरवत नाही, आपली झोप ठरवते. म्हणून "मी झोपणार नाही" यावर योजना बांधू नका. डोळा लागणारच हे धरून चाला, आणि तो जिथे लागेल ती जागा आधी नीट करून ठेवा.

डॉक्टर नेमकं काय सांगतात

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचं, २०२२ सालचं म्हणणं थोडक्यात असं: निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या, टणक आणि सपाट अंथरुणावर, उताणं. खोली एक, अंथरुणं दोन. बाळ हाताच्या अंतरावर असलं की भुकेची पहिली चुळबुळ ऐकू येते, पाजणं सोपं जातं आणि कोणाचं अंग किंवा पांघरूण त्याच्या तोंडावर येत नाही. मलाही हेच सगळ्यात चांगलं वाटतं. घरात शक्य असेल तर इथूनच सुरुवात करा.

पण याच संघटनेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती घरापर्यंत पोचतच नाही. पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा किंवा आरामखुर्चीपेक्षा पलंगावर पाजणं कमी धोक्याचं. जाग आली की बाळाला त्याच्या जागेवर ठेवा, म्हणतात. ब्रिटनमध्ये तर बाळाला शेजारी घेऊन झोपायचंच असेल तर अंथरूण कसं असावं, हे आईबापांना उघडपणे शिकवतात.

भीती कशाची, तर दोन गोष्टींची. एक म्हणजे गुदमरणं, ते कसं होतं हे समजायला पुस्तक लागत नाही. दुसरी म्हणजे धडधाकट बाळ झोपेत दगावणं आणि मागाहून कारणही न सापडणं. त्याला इंग्रजीत सिड्स म्हणतात. हे एक ते चार महिन्यांच्या काळात सर्वांत जास्त घडतं आणि बहुतेक प्रकार सहा महिन्यांच्या आतले असतात. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एवढ्याशा बदलाने! आपल्याकडे अशा मृत्यूंची वेगळी नोंद नीट होत नाही. "झोपेतच गेलं हो" एवढ्यावर घरातलं बोलणं थांबतं.

कुशीत झोपण्यावरून मात्र संशोधकांतच जुंपलेली आहे. २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं की आईबाप सिगारेट-दारू घेत नसले तरीही तीन महिन्यांखालच्या बाळाला शेजारी झोपवल्यास धोका सुमारे पाचपट होतो. २०१४ सालच्या दुसऱ्या अभ्यासाला सोफा, दारू आणि धूम्रपान वगळल्यावर तसा ठळक वाढीव धोका दिसला नाही. त्यातच बाळासोबत सोफ्यावर झोपल्यास धोका सुमारे अठरापट निघाला, आणि दारू प्यालेल्या पालकाशेजारी झोपल्यासही तेवढाच. म्हणजे वाद आहे तो सगळी काळजी घेणाऱ्या घराबद्दल. सोफा, दारू आणि सिगारेट यांबद्दल दोघांचं एकमत आहे.

"आमच्या सात पिढ्या कुशीत वाढल्या" हे सासूबाईंचं वाक्य मी पूर्वी हसण्यावारी न्यायचे. आता नेत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत बाळं आईशेजारी झोपण्याचं प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा जास्त, तरी सिड्सचं प्रमाण कमी. त्या घरांत आया सिगारेट-दारू घेत नाहीत, बाळासोबत सोफ्यावर झोपणं कमी आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटं टाकणंही कमी. पण सात पिढ्या झोपल्या त्या दाबून बसलेल्या कापसाच्या गादीवर, नाहीतर घोंगडी-सतरंजीवर. आठ इंची फोमच्या गादीवर दोन उशा, एक कम्फर्टर आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल घेऊन झोपणारी आपली पहिलीच पिढी. तेवढा फरक सासूबाईंना सांगितला की त्याही ऐकून घेतात.

पायरी १: आधी नकाराची यादी

खालचं काहीही लागू असेल तर बाळ आईशेजारी एकाच अंथरुणावर नको. इथे मी तडजोड सुचवत नाही. बाळाची जागा वेगळी, मग ती जमिनीवर दोन हातांवर अंथरलेली का असेना.

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा जन्मवजन अडीच किलोंपेक्षा कमी. आपल्याकडे अशी बाळं खूप, म्हणून हा मुद्दा पहिला. लहानखुऱ्या बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायला, म्हणजे कांगारू मदर केअर करायला दवाखान्यात शिकवलं असेल तर ते जरूर करा. त्यात बाळ उभं, कापडाने बांधलेलं आणि मान एका बाजूला वळवलेली असते, आई मागे रेललेली असते आणि कोणीतरी लक्ष ठेवून असतं. आडवं पडून शेजारी झोपणं म्हणजे ते नव्हे. ती दोन्ही एकच समजू नका.

अंथरुणात कोणीही बिडी-सिगारेट ओढणारं. "तो गॅलरीत जाऊन ओढतो" याने भागत नाही. गरोदरपणी आईने ओढली असेल तरीही नकोच. मिसरीचं काय, असं बायका हळूच विचारतात. मिसरीचा धूर नसतो हे खरं, पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात गरोदरपणी मिसरी-तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमने हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. म्हणजे मिसरी बाळाला वरच्याच मुद्द्यापाशी आणून सोडते.

दारू. आईने घेतली असेल तर नाहीच, आणि बाप "दोनच घेतले" म्हणत आला तर त्या रात्री त्याचं अंथरूण बाहेर. हे सांगायला सुनेला जड जातं. घरातल्या मोठ्या बाईने सांगावं.

गुंगी आणणारी औषधं: सर्दीच्या काही गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या, फिटची किंवा झोपेची औषधं, सिझेरियननंतरची कडक वेदनाशामकं. आणि नुसता कमालीचा थकवाही. दोन रात्री अजिबात झोप नसेल तर तुमचं शरीर औषध घेतल्यासारखंच वागतं.

शेवटचं, सोफा, आरामखुर्ची, बीनबॅग आणि ज्यात अंग रुततं ती प्रत्येक वस्तू. रात्री पाजायला तिथे बसायचंच नाही.

पायरी २: जागा, म्हणजे जमीन की पलंग

वन रूम किचनमध्ये पाळणा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. उत्तर बहुधा पायाखालीच असतं. जमिनीवरचं अंथरूण ही आपली फार मोठी सोय आहे, तिची लाज वाटून घेऊ नका. पडायची भीती नाही, फट नाही, हवं तेवढं रुंद करता येतं. आईची गादी, तिला लागून बाळाची छोटी कडक गादी, दोन्हींची उंची सारखी. खोली एक, अंथरुणं दोन, हे कसलाही खर्च न करता जमलं. भिंतीपासून हातभर लांब अंथरा. गादी आणि भिंत यांच्यामधली चार बोटांची फट सगळ्यात वाईट, बाळ त्यात सरकतं आणि अडकतं.

जमिनीवर झोपण्यात दोन अडचणी खऱ्या आहेत. सिझेरियन झालेल्या बाईला पहिले काही आठवडे जमिनीवरून उठताना टाके ओढतात. तिला पलंगच हवा, आणि पलंगाशेजारी वेगळा पाळणा किंवा बाळाची छोटी खाट. रात्री बाळ उचलून हातात द्यायला माणूस हवा. तो माणूस म्हणजे नवरा. आजीला दिवसभर पुरेसं काम असतं.

दुसरी अडचण गावाकडची. कोकणात, विदर्भात पावसाळ्यात मण्यार हा विषारी साप रात्री घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच चावतो. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. अशा घरात जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात. नाहीतर लाकडी फळीचा पलंग किंवा दिवाण. सुताच्या नाहीतर काथ्याच्या बाजेवर मात्र लहान बाळ झोपवू नका. मधे झोळ पडतो आणि सगळं त्या झोळात गोळा होतं.

पलंगच असेल तर एक तर भिंतीपासून चांगला लांब ओढा किंवा पाय काढून गादी खाली घ्या. कडेला उशा-लोडांचा बंधारा घालून बाळाला मधे ठेवायची पद्धत मला मुळीच पटत नाही. बाळ पडत नाही हे खरं, पण तोंड उशीला टेकलं तर ते मागे सरकवण्याची ताकद त्याच्या मानेत नसते.

पायरी ३: गादीची परीक्षा

तळहात गादीवर जोरात दाबा आणि उचला. खळगा राहिला तर ती गादी बाळाची नाही. मेमरी फोम हा प्रकार तर नावाप्रमाणे दाबलेली जागा लक्षातच ठेवतो.

कापसाची गादी चांगली, पण तिचीही तऱ्हा असते. बारा वर्षं वापरलेल्या गादीला मधोमध खड्डा पडलेला असतो आणि आई कुशीवर वळली की बाळ त्या उतारावरून तिच्याकडे गडगडतं. बारशाच्या उत्साहात पिंजाऱ्याकडून नवी भरून आणलेली गादी उलट फुगून तट्ट असते, पण मऊ. अशी गादी आधी दोन-तीन महिने मोठ्यांनी झोपून दाबायची. म्हणून माझा सल्ला असा की गादी सातव्या महिन्यात भरून घ्या. डोहाळजेवणाच्या गडबडीत एवढं एक काम उरकलं तर बरं.

वरची चादर खेचून, चारी कोपरे खाली खोचून. शू अडवायला घातलेलं रबरी कापड चादरीच्या खाली, वर सुटं नाही. गोधडी अंगाखाली घालायची तर ताणून, एकच घडी. आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळ पांघरायला कितीही ऊबदार असली तरी ती वजनदार असते, बाळावर नको.

आता बाळाच्या अंथरुणातून काय काढायचं ते. उशी. मोहरीची उशीसुद्धा. डोकं गोल व्हावं म्हणून ती घालतात हे मला ठाऊक आहे. डोकं गोल राहतं ते जागेपणी पोटावर खेळवल्याने आणि झोपताना चेहऱ्याची बाजू आलटून-पालटून बदलल्याने. छत्रीच्या मच्छरदाणीसोबत जो गुलाबी, जाडजूड, बदकांच्या चित्राचा बिछाना येतो तो बाहेर काढा, नुसती छत्री वापरा आणि ती बाळाच्या तोंडापासून दूर, ताणलेली राहील असं बघा. लोड, मऊ खेळणी, पाळण्यावरून लोंबणारा दोरीचा चिमणाळा, बाळाच्या गळ्यातला काळा दोरा आणि ताईत, हे सगळं बाहेर. काळा दोरा बाळाच्या पायात राहू दे. दृष्ट तिथूनही अडते.

बाळाला पालथं घालायचं नाही. "उताणं ठेवलं तर दूध घशात अडकेल" ही भीती फार जुनी आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटून आलेलं दूध श्वासनलिकेत जायला वर चढावं लागतं. पालथं केलं की उलट होतं. कुशीवरही नको, कारण कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं.

पायरी ४: हवा, ऊब आणि धूर

बाळाच्या हाताला-पायाला हात लावून "गार पडलंय" म्हणू नका, ते गारच असतात. छाती किंवा मान बघा. घामेजलेली असेल तर एक थर उतरवा. साधारणपणे तुमच्या अंगावर जेवढं आहे त्याहून एखादाच थर जास्त, आणि आईशेजारी असेल तर तोही नको, कारण आईचं अंग हाच एक थर आहे. नागपूरच्या मे महिन्यात लंगोट आणि सुती झबलं खूप झालं. पंखा चालेल, वारा थेट तोंडावर नको एवढंच.

कुंची आणि टोपडं बाहेर नेताना छान. झोपेत कुंची पुढे सरकून नाकावर येते आणि तिची नाडी गळ्याशी असते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत किंवा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी टोपी ठेवायला सांगितली असेल तर ती घट्ट बसणारी, बिननाडीची. घट्ट गुंडाळून आईशेजारी झोपवू नका, त्याचे हात मोकळे हवेत. पाळण्यात गुंडाळायचं असेल तर कमरेखाली सैल, आणि बाळ कुशीवर वळायला धडपडू लागलं की गुंडाळणं बंद.

आणि शेगडी. खिडक्या बंद करून बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपणं अजून चालतं. त्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि तो बाळालाच नव्हे, बाळंतिणीलाही झोपेतून उठू देत नाही. शेक घ्या, ओवा-शेपाची धुरी द्यायची तर दार उघडं ठेवून थोडीशी द्या, पण झोपायच्या आधी शेगडी अंगणात किंवा गॅलरीत. डासांच्या कॉइललाही हाच न्याय. मच्छरदाणी असताना कॉइल कशाला?

पायरी ५: आईचा साज उतरवणं

ही पायरी कुठल्याच परदेशी पत्रकात सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा पुष्कळजणी बाळंतपणानंतरही ठेवतात. काचेची बांगडी पिचली की तिचं टोक बाळाच्या गालाशी येतं. मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना तर घरोघरी! एक पिन परकराची नाडी ओवायला, एक साडीला, एक "असू दे". त्या सगळ्या रात्री डबीत. मंगळसूत्र लांब असेल तर काढून उशाशी ठेवा, कोणाचं काही बिघडत नाही. लांब केस वर बांधा, सुटी वेणी नको. गाऊनच्या लांब नाड्या कापून टाका. ओढणी किंवा पदर अंगावर घेऊन पाजलं असेल तर पाजून झाल्यावर तो कुठे पडलाय ते बघा.

तुमची उशी एकच, आणि बाळापासून दूर. पांघरूण तुमच्या कमरेपर्यंत. खांदे गार पडतात म्हणून हिवाळ्यात समोरून उघडणारा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून झोपत जा. नाशिकच्या थंडीत धाकट्याच्या वेळी मी तेच केलं.

पायरी ६: निजण्याची बैठक

नकाराच्या यादीतलं काही लागू नसेल आणि बाळ आईच्या दुधावर असेल, तरच हा भाग वाचा. वरचं दूध पिणाऱ्या बाळासाठी लागून असलेली वेगळी गादीच बरी.

बाळाच्या बाजूला कुशीवर वळा. बाळाचं डोकं तुमच्या छातीच्या पातळीला, उशीच्या पातळीला नाही. गुडघे पोटाकडे घ्या, म्हणजे ते बाळाच्या पायांखाली येतात. खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वरून, उशीखाली. अर्धगोलासारखा आकार होतो. बाळ त्यात वरही सरकत नाही, खालीही नाही, आणि गुडघे पुढे असल्याने तुम्ही त्याच्यावर पालथ्या होऊ शकत नाही. कितीतरी पाजत्या आया न शिकवता अशाच निजतात. पाजून झालं की बाळाला उताणं करा. शक्य तर त्याच्या गादीवर सरकवा.

बाळ आईच्या एकाच बाजूला. आई आणि बाप यांच्या मधोमध नको. थोरलं भावंड तर बाळाच्या शेजारी अजिबात नको. पाच वर्षांचा दादा झोपेत लाथा मारतो आणि त्याला त्याची शुद्ध नसते. क्रम असा लावा: बाळ, आई, मग बाबा, मग दादा. दादा रुसतो. त्याला रात्रीची गोष्ट बाबांकडून वेगळी मिळू दे.

आजी, माहेर आणि झोळी

पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे आई म्हणते, "तू झोप, मी घेते बाळाला माझ्याजवळ." यात माया आहे, पण धोकाही आहे. पाजती आई बाळाच्या हालचालीला जशी जागी होते तसं दुसरं माणूस होईलच असं नाही, आणि आजीने कदाचित बीपीची आणि झोपेची गोळी घेतलेली असते. आजीने बाळ पहाटे पाच ते आठ घ्यावं, स्वतः जागी असताना, मांडीवर. त्या तीन तासांच्या झोपेवर बाळंतीण आठवडा काढते.

साडीची झोळी पेंगुळलेल्या बाळाला निजवायला उत्तम, रात्रभर ठेवायला नाही. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याची श्वासाची वाट दुमडते. निजलं की उचलून सपाट जागेवर. बाळ उठून बसायला लागलं की झोळी सोडून ठेवा. साडीचा पीळ गळ्याला बसून मुलं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

लाकडी पाळणा वंशपरंपरेचा असेल तर कड्या आणि दोर ओढून बघा. दांड्यांमधून तुमची तीन-चार बोटं, म्हणजे सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. झोका थांबल्यावर पाळणा एका बाजूला कलता राहतो का तेही बघा. कलला तर बाळ रात्रभर कोपऱ्यात जाऊन पडतं. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या विणकरांनी २००६च्या सुमारास लांब, चिवट पात्यांची सपाट तळाची टोपली बनवली, वहाकुरा नावाची. बाळ तिच्यात, आणि टोपली आईच्याच अंथरुणात. आपल्याकडे बुरुडाला सांगून अशी उथळ, सपाट तळाची टोपली करून घेता येईल. आत पातळ कडक गादी, आणि ती जमिनीवरच्या अंथरुणातच ठेवायची, पलंगावर नाही.

गावात आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळ बघून जातात. त्यांना बाळ दाखवता तसं अंथरूणही दाखवा. परदेशात असाल आणि तिथल्या नर्सने किंवा डॉक्टरने बाळ कुठे झोपतं हे विचारलं, तर "पाळण्यात" असं ठोकून देऊ नका. खरं सांगितलं तरच कामाचा सल्ला मिळतो.

बाळ वाढतं तसं

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान बाळ उपडं पडायला लागतं. झोपवताना उताणंच ठेवा. दोन्हीकडे स्वतः वळता येऊ लागलं की झोपेत त्याने घेतलेली बाजू रात्रभर सुधारत बसू नका. रांगायला लागलं की पलंग संपला, जमिनीवर या. वर्ष उलटल्यावर गुदमरण्याची भीती बरीच मागे पडते, पातळ पांघरूण चालतं. तिथून पुढे कधीपर्यंत कुशीत, हा तुमच्या पाठीचा आणि झोपेचा प्रश्न आहे.

रात्र घराबाहेर असेल तेव्हा

घरी सगळं नीट असतं आणि गडबड होते ती लग्नघरात, लॉजवर आणि रेल्वेत. लग्नघरात रांगेने अंथरलेल्या वीस गाद्यांत बाळ मधे कधीच नको. कडेची जागा धरा, आणि खाली घालायला घरची पातळ कडक गादी गुंडाळून सोबत न्या. लॉजवरची गादी हात दाबून बघा. मऊ असेल तर चादर जमिनीवर. रेल्वेचा बर्थ दोघांना अरुंदच पडतो. २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला छोटा बेबी बर्थ लावून पाहिला होता, पण आपल्या गाडीत तो असेल असं धरून निघू नका. खालचा बर्थ घ्या आणि रात्रीचे दोन भाग करा: दोनपर्यंत एकाने जागायचं, दोननंतर दुसऱ्याने. जागणाऱ्याने बर्थच्या कडेला बसायचं, पडायचं नाही.